आठ अक्षरांचे मुंगूस



एका शनिवारी आमच्या इंग्रजीच्या गुरुजींनी फळ्यावर आठ चौकोन काढले. तिसऱ्या चौकोनात 'एन' आणि चौथ्यात 'जी' लिहिला. बाकीचे सहा रिकामे. गुरुजी म्हणाले, "यात बसतील असे आठ अक्षरांचे इंग्रजी शब्द शोधून आणा. अर्थासकट! जो आठ शब्द आणील, त्याचे शब्द भित्तिपत्रिकेत लागतील."

मला वाटले, त्यात काय अवघड आहे? शाळेच्या पेटीतला शब्दकोश मी घरी नेला. पण शब्दकोशात शब्द पहिल्या अक्षरावरून सापडतो, तिसऱ्या-चौथ्यावरून सापडत नाही. मग मी एक युक्ती केली. 'एन जी'च्या आधी एकेक स्वर ठेवला आणि त्याच्या आधी एकेक अक्षर लावून पाने उलटू लागले. "बी ए एन जी, सी ए एन जी..." असे मोठमोठ्याने चालले होते. रविवारी रात्रीपर्यंत सहा शब्द मिळाले. ते असे :

१) लँग्वेज – भाषा.
२) सिंग्युलर – एकवचन.
३) काँग्रेस – परिषद, एकत्र जमलेली सभा. राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अधिवेशन १८८५ साली आपल्या पुण्यातच भरायचे होते. पण पटकीची साथ आली म्हणून ते मुंबईला भरले.
४) कांगारू – पिलाला पोटाच्या पिशवीत वाढवणारा प्राणी. हा शब्द ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचा. कॅप्टन कुकच्या गलबतावरच्या लोकांनी तो १७७० साली लिहून घेतला.
५) मँग्रोव्ह – खाडीकाठची खारफुटी.
६) टंगस्टन – एक धातू. पिवळ्या बल्बमधली तार याचीच असते. स्वीडनच्या भाषेत याचा अर्थ 'जड दगड' असा आहे.

आणखी दोन काही केल्या मिळेनात. डोळे मिटायला लागले. आजी शेजारी लसूण सोलत बसली होती. माझे "ंग, ंग" ऐकून ती म्हणाली, "अगं, ंग पायजे ना तुला? मग डोंगर घे. मुंगूस घे. आपल्या धारेश्वराच्या डोंगराकडनं येतंय की मुंगूस. दिसलं की दिवस चांगला जातो."

मी वैतागले होते. एकदम बोलून गेले, "आजी, इंग्रजी शब्द हवाय! तुला कुठं इंग्रजी येतं? तू मध्ये बोलू नकोस."

आजी काही बोलली नाही. लसणाची पाटी उचलून आत गेली.

सोमवारी वर्गात कुणाचेच आठ शब्द झाले नव्हते. माझे सहा सर्वांत जास्त होते. गुरुजी म्हणाले, "आता राहिलेले दोन मी सांगतो." त्यांनी खडूने चौकोन भरले. एम, ओ, एन, जी, ओ, ओ, एस, ई. मग म्हणाले, "मॉंगूस! म्हणजे आपले मुंगूस. इंग्रजांच्या देशात हा प्राणी नव्हता, मग नाव कुठून असणार? त्यांनी ते मराठीतूनच उचलले."

मी मान खाली घातली. तोवर दुसरा शब्द फळ्यावर आला. डी, यू, एन, जी, ए, आर, ई, ई. डंगरी, म्हणजे कामकऱ्यांचे जाडेभरडे सुती कापड. मुंबईत डोंगरी नावाचा भाग आहे, त्यावरून कापडाला हे नाव पडले, असे सांगतात.

डोंगर आणि मुंगूस! आजीने दोन्ही सांगितले होते.

गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. मोल्सवर्थ नावाच्या साहेबाने मराठी-इंग्रजी शब्दकोश तयार केला. तो १८३१ साली निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ साली आली आणि १९७५ साली पुण्यात तो पुन्हा छापला गेला. पण साहेबाला एकट्याला हे जमले नाही. त्याने मराठी पंडितांना हाताशी धरले, शब्द विचारून घेतले. मला वाटले, एवढा मोठा साहेब विचारत होता, आणि मी मात्र न विचारता सांगणाऱ्या आजीला गप्प बसवले.

शाळा सुटल्यावर मी धावतच घरी गेले. आजीला सगळे सांगितले आणि म्हटले, "आजी, माझं चुकलं." आजी हसली. म्हणाली, "म्हंजी इंग्रजांनी आपलं मुंगूस बी नेलं व्हय? ऱ्हाऊ दे, डोंगरात लई हायती." मग जरा वेळाने हळूच म्हणाली, "कसं लिवत्यात ते, मला दाव की."

मी तिला पाटीवर लिहून दिले. मराठीत तीन अक्षरांत मावणारे मुंगूस इंग्रजीत आठ घरे अडवते, याचे तिला फार नवल वाटले. आता ती रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसते. एम, ओ, एन, जीपर्यंत आली आहे. 'एस' मात्र तिचा अजून उलटा पडतो.

बालमित्रांनो, इंग्रजी शिकताना घरच्या माणसांना कमी लेखू नका. ज्यांना ए बी सी डी येत नाही, त्यांच्याही बोलण्यात इंग्रजीतले शब्द दडलेले असतात.

आता तुमच्यासाठी एक कोडे. सहा चौकोन काढा. तिसरा 'एन', चौथा 'जी'. त्यात आपल्याकडून इंग्रजीत गेलेले दोन शब्द बसवा. एक हातात घालतात, दुसऱ्यात वाघ राहतो. नाही आले, तर घरी आजीला विचारा!

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी, धायरी