वारीचे पहिले तीन दिवस

बेळगाव ते निपाणी हे अंतर सुमारे ७५ किलोमीटर. बसने दीड-दोन तासांचे. कार्तिकीच्या दिंडीत आम्हाला तीन दिवस लागले. काकतीपर्यंत गप्पा रंगल्या, वंटमुरीच्या चढावर त्या आपोआप थांबल्या. दुसऱ्या दिवशी संकेश्वर येईतो तळपायाला फोड आले. दिंडीतल्या सत्तरीच्या आजी म्हणाल्या, "सर, घाई कशाला? पंढरपूर काय पळून जातंय व्हय?" मग त्यांच्याच चालीने चाललो.

वाटेत कुणी "बन्नी" म्हणून चहा दिला, कुणी "या, बसा" म्हणून पिठलं-भाकरी वाढली. १९५६ साली हा भाग म्हैसूर राज्यात गेला. त्याची सल इथल्या मराठी माणसाच्या मनात आजही आहे, माझ्याही आहे. पण पाण्याचा तांब्या पुढे करताना "तुम्ही कुठले?" एवढेच लोकांनी विचारले, भाषा कुणी विचारली नाही.

तिसऱ्या दिवशी तवंदी घाट उतरून तंबाखूच्या शेतांमधून निपाणीत शिरलो, तेव्हा पाय कुरकुरायचे थांबले होते. मिरज, सांगोला, पंढरपूर अजून पुढेच होते. पण प्रथमच वारीला निघणाऱ्यांना एवढेच सांगतो : हे तीन दिवस दमाने काढा. पुढची वाट सोबतच नेते.