शेजारची रिकामी जागा: आइसलँडच्या वेस्टफ्योर्ड्समध्ये एकट्याने मोटारप्रवास

वेस्टफ्योर्ड्स हा आइसलँडच्या वायव्य टोकाचा द्वीपकल्प आहे. मुख्य बेटाशी तो जेमतेम सात किलोमीटर रुंदीच्या भूपट्टीने जोडलेला आहे. क्षेत्रफळ सुमारे २२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या जवळजवळ दीडपट, आणि वस्ती सुमारे ७,०००. ईसाफ्योर्दुर हे इथले सर्वांत मोठे गाव. तिथेही तीन हजारांहून कमी माणसे राहतात. आइसलँडला येणारे बहुतेक प्रवासी १९७४ मध्ये पूर्ण झालेल्या, सुमारे १,३३० किलोमीटरच्या रिंग रोडने बेटाला फेरी मारतात. हा रस्ता या द्वीपकल्पात शिरतच नाही. त्यामुळे भर उन्हाळ्यातही इथे बराच वेळ समोरून एखादीच गाडी येते.

एकट्याच्या मोटारप्रवासात चालकाशेजारची जागा रिकामी असते. त्या जागेवरचा माणूस एरवी बरीच कामे करतो. तो नकाशा बघतो, पंप कुठे आहे ते लक्षात ठेवतो, डोळे मिटू लागले तर चालकाला थांबवतो, गाडी अडकली तर मदत आणतो. वस्ती दाट असेल तिथे ही उणीव रस्त्यावरची माणसे भरून काढतात. वेस्टफ्योर्ड्समध्ये मात्र ही सगळी कामे निघण्यापूर्वीच नेमून द्यावी लागतात: काही कागदावरच्या वेळापत्रकाला, काही गाडीतल्या सामानाला, काही दूरच्या एखाद्या माणसाला. नियोजन म्हणजे मुख्यतः हीच वाटणी.

या प्रदेशाची घडण समजली की नियोजनाचे पहिले सूत्र हाती येते. आइसलँडमधले सर्वांत जुने खडक इथले आहेत. त्यांचे वय दीड कोटी वर्षांच्या आसपास जाते. बेसॉल्टचे थर हिमनद्यांनी खोल कोरले आणि त्या दऱ्यांमध्ये समुद्र शिरला. हेच फ्योर्ड. सपाट माथ्याच्या डोंगरांमध्ये घुसलेली ही चिंचोळी खाडी ओलांडायला बहुतेक ठिकाणी पूल नाही. पलीकडच्या काठावरचे घर स्पष्ट दिसत असते, पण तिथे पोहोचायला खाडीच्या टोकापर्यंत आत जाऊन पुन्हा बाहेर यावे लागते. म्हणून इथे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही, तासांत मोजावे. डांबरी रस्त्यावर ताशी सरासरी साठ आणि खडीच्या रस्त्यावर चाळीस किलोमीटर धरावे. त्यात थांबण्याचा वेळ वेगळा मिळवावा. रेक्याविक ते ईसाफ्योर्दुर हे होल्माविकमार्गे सुमारे ४५० किलोमीटरचे अंतर कागदावर एका दिवसाचे वाटते, पण एकट्या चालकाने ते दोन दिवसांत विभागणे बरे.

हंगामाची निवड फारशी नाही. पाहुण्या चालकासाठी जूनचा मध्य ते ऑगस्टअखेर हा खरा काळ. हिवाळ्यात डोंगरमाथ्यावरचे रस्ते बर्फाने बंद होतात आणि कड्याखालच्या रस्त्यांवर हिमप्रपाताचे भय असते. १९९५ च्या जानेवारीत सूदाविक आणि ऑक्टोबरमध्ये फ्लातएरी या गावांवर हिमकडे कोसळून अनुक्रमे १४ आणि २० माणसे मृत्युमुखी पडली. ऑक्टोबरचा महिनाही इथे किती बेभरवशाचा असतो, ते यावरून कळते. ईसाफ्योर्दुरमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीपासून सूर्य डोंगराआड राहतो. तो २५ जानेवारीच्या सुमारास पुन्हा दिसतो, तेव्हा गावकरी कॉफी आणि पॅनकेक खाऊन तो दिवस साजरा करतात. उन्हाळ्यातल्या दोन तारखाही टिपून ठेवाव्यात. १७ जून हा राष्ट्रीय दिन, त्या दिवशी पुष्कळ दुकाने बंद असतात. ऑगस्टचा पहिला सोमवार सुटीचा. त्याला लागून येणाऱ्या शनिवार-रविवारी अर्धा देश सहलीला निघतो आणि राहण्याच्या जागा भरून जातात. इथल्या गेस्टहाउसांची संख्या मुळातच थोडी असल्याने विमानाच्या तिकिटाबरोबरच मुक्काम ठरवावेत.

कागदपत्रांपैकी व्हिसाला सर्वाधिक वेळ लागतो. आइसलँड शेंगेन क्षेत्रात असल्याने भारतीय प्रवाशाला शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा द्यावा लागतो. मूळ ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही न्यावा. तो आरटीओकडून मिळतो आणि एक वर्ष चालतो. हा परवाना एकटा पुरेसा नाही, मूळ लायसन्स जवळ लागतेच. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्या चालकाच्या स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड मागतात. त्या कार्डाचा पिन पाठ असावा, कारण गावोगावचे पंप बहुधा माणसाविना चालतात आणि पिन टाकल्याशिवाय इंधन देत नाहीत.

गाडी निवडताना मोठ्या जीपचा मोह होतो. कायद्याने फोर-व्हील-ड्राइव्ह सक्तीची आहे ती क्रमांकाआधी ‘एफ’ अक्षर असलेल्या डोंगरी रस्त्यांवर. वेस्टफ्योर्ड्समधली मुख्य ठिकाणे अशा रस्त्यांवर नाहीत. तरीही खडी आणि खड्डे लक्षात घेता जमिनीपासून जरा उंच असलेली छोटी एसयूव्ही सोयीची. भारतीय चालकाने ऑटोमॅटिक गाडीच घ्यावी. वाहतूक उजव्या बाजूने, स्टिअरिंग डावीकडे, त्यात उजव्या हाताने गिअर बदलण्याची नवी सवय कशाला लावून घ्यायची? विम्यात खडीने फुटणाऱ्या काचा आणि टवके यांचे संरक्षण आवर्जून घ्यावे. वाऱ्याने उलटे वळलेले दार, गाडीच्या तळाला झालेली इजा आणि ओढ्यात शिरलेले पाणी यांची भरपाई बहुतेक विम्यांत मिळत नाही, म्हणून करारातल्या अटी आधीच वाचाव्यात. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे चित्रण करावे. स्टेपनी आणि जॅक खरोखर आहेत का, तेही उघडून पाहावे. काही गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चर दुरुस्तीचा संच असतो. तो कसा वापरायचा, ते वाहनतळावरच विचारून घेणे चांगले.

मार्ग आखताना दिशा महत्त्वाची ठरते. द्वीपकल्पाला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फेरी मारली, तर समुद्र डावीकडे राहतो आणि उजव्या बाजूने चालणारी गाडी डोंगराच्या कडेला. कठडा नसलेल्या रस्त्यावर नवख्याला हा क्रम धीर देतो. मात्र पावसानंतर डोंगरावरून पडलेले दगड पाहत जावे लागते. या क्रमाची सुरुवात स्टिक्किसहोल्मुरहून करता येते. रेक्याविकपासून सुमारे १७० किलोमीटरवर असलेल्या या बंदरातून बाल्दुर ही फेरीबोट ब्रेइदाफ्योर्दुर ओलांडून ब्रियाउन्सलाइकुरला जाते. तीन तासांच्या आत हा प्रवास होतो आणि तितका वेळ चालकाला विश्रांती मिळते. गाडीसाठी जागा आधी राखून ठेवावी.

पहिला मुक्काम पात्रेक्सफ्योर्दुरला दोन रात्रींचा असावा. तिथून लाउत्राब्यार्गला जाऊन येता येते. सुमारे १४ किलोमीटर लांब आणि कमाल ४४१ मीटर उंच असा हा समुद्रकडा आइसलँडचे पश्चिम टोक आहे. मेपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिथे पफिन पक्षी घरटी करतात. त्यांच्या बिळांनी कड्याची धार आतून पोखरलेली असते. म्हणून कडेपाशी उभे राहू नये, पोटावर झोपून पाहावे. एकट्याने तर हा नियम मोडूच नये. येण्याजाण्याचे सुमारे १२० किलोमीटर बव्हंशी खडीचे आहेत, त्यामुळे एक पूर्ण दिवस राखावा. लालसर वाळूचा रोयदासांदुर किनाराही याच भागात आहे, पण तिथे उतरणारा घाट अरुंद आणि वळणावळणांचा आहे. जोराच्या पावसात तो टाळावा.

त्यापुढे रस्ता उत्तरेकडे दिन्यांदी धबधब्याला जातो. सुमारे १०० मीटर उंचीवरून पायऱ्यापायऱ्यांनी पसरत येणारा हा प्रवाह वरच्या टोकाला जवळपास ३० आणि पायथ्याशी ६० मीटर रुंद आहे. जवळच ह्राप्नसएरी इथे आइसलँडच्या स्वातंत्र्यचळवळीचे नेते योन सिगुर्दसन यांचा १८११ मध्ये जन्म झाला. त्यांचा जन्मदिवस हाच देशाचा राष्ट्रीय दिन. पुढच्या खाडीकडे जाणारी खिंड पूर्वी हिवाळ्यात महिनोन्महिने बंद राही आणि द्वीपकल्पाचे दोन तुकडे होत. २०२० मध्ये ५.६ किलोमीटरचा बोगदा झाला आणि ही अडचण संपली. गेल्या काही वर्षांत इतरत्रही रस्ते नव्याने बांधले गेल्याने जुन्या मार्गदर्शिकांमधले तास आज लागू पडत नाहीत.

ईसाफ्योर्दुरला किमान दोन रात्री द्याव्यात, म्हणजे एक दिवस गाडी उभी करून ठेवता येते. होर्नस्ट्रांदिर हे निर्मनुष्य अभयारण्य इथून बोटीने गाठता येते. तिथे रस्ताच नाही. एकट्याने जायचे तर वाटाड्यासह जाणाऱ्या गटात सामील व्हावे. त्यानंतरचा होल्माविकपर्यंतचा सुमारे २२० किलोमीटरचा पट्टा एकामागून एक खाड्यांना वळसे घालत जातो. होल्माविकला जादूटोण्याच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. सतराव्या शतकात या भागात जादूटोण्याच्या आरोपावरून माणसांना जाळण्यात आले होते. वेळ उरला तर तिथून उत्तरेला स्ट्रांदिरचा किनारा पाहावा. सायबेरियातून वाहत आलेले ओंडके तिथे किनाऱ्याला लागतात. हा सगळा फेरा रेक्याविक ते रेक्याविक आठ दिवसांत आरामात होतो. नववा दिवस वाऱ्यासाठी राखीव ठेवावा.

वाहतुकीचे नियम थोडे आहेत आणि काटेकोर पाळले जातात. वेगमर्यादा गावात ५०, खडीवर ८० आणि डांबरीवर ९० किलोमीटर. दिवे दिवसाही चालू ठेवावे लागतात. दुपदरी चौकवर्तुळात आतल्या पट्ट्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीला अग्रक्रम असतो. हा नियम राजधानीतच लागतो, म्हणून पहिल्याच दिवशी माहीत हवा. एकपदरी पुलाशी आधी पोहोचलेली गाडी आधी जाते. ईसाफ्योर्दुरजवळच्या, १९९६ मध्ये खुल्या झालेल्या बोगद्याच्या दोन शाखा एकपदरी आहेत. तिथे बाजूला घेण्याची जागा ज्याच्या हाताला असेल त्याने थांबायचे. डांबर संपून खडी सुरू होते ती जागा सर्वांत धोक्याची. पाटी दिसताच, खडीला चाके लागण्यापूर्वीच, वेग कमी करावा. खडीवर पोहोचल्यावर दाबलेला ब्रेक गाडी घसरवतो. उन्हाळ्यात मेंढ्या मोकळ्या चरतात. मेंढी एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसले, तर त्यातले एक धावत रस्ता ओलांडणार हे गृहीत धरावे. रस्ता सोडून माळावर गाडी घालणे गुन्हा आहे.

इंधनाचा नियम सोपा: टाकी अर्धी झाली की भरावी. बूदारदालुर, होल्माविक, ईसाफ्योर्दुर आणि पात्रेक्सफ्योर्दुर इथे पंप आहेत. मधल्या लांब पट्ट्यांत पंपाचा भरवसा धरू नये. किराणा बोर्गारनेसलाच भरून घ्यावा. शाकाहारी माणसाने ठेपले, मेतकूट, चिवडा असे कोरडे पदार्थ घरून न्यावेत, कारण लहान गावांत एखादेच उपाहारगृह असते आणि तेही लवकर बंद होते. डिकीत एका रात्रीपुरते अन्न, पाणी आणि उबदार पांघरूण कायम असावे.

हवामानात पावसापेक्षा वारा जास्त महत्त्वाचा. आइसलँडमध्ये तो सेकंदाला मीटरमध्ये सांगतात. साडेतीनने गुणले की ताशी किलोमीटरचा अंदाज येतो. १५ च्या पुढे आकडा गेला की उंच गाडी चालवू नये. २० म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. अशा वेळी मुक्काम हलवू नये. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडावे. हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी व लाल इशारे आणि रस्ते विभागाचा ताजा नकाशा सकाळी निघण्यापूर्वी पाहावा, दुपारीही पाहावा.

नकाशा वाचण्याचे काम फोनवर सोपवताना नकाशे आधी उतरवून घ्यावेत, कारण डोंगराआड नेटवर्क जाते. गावांच्या नावांवर विसंबू नये. एकच नाव अनेक खाड्यांना असते. २०१६ मध्ये रेक्याविकमधल्या हॉटेलकडे निघालेला एक पाहुणा पत्त्यात एक अक्षर जास्त पडल्याने ४०० किलोमीटरहून दूर उत्तर किनाऱ्यावर जाऊन पोहोचला. प्रत्येक टप्प्यासाठी रस्त्याचा क्रमांक कागदावर लिहून समोर लावावा.

थकव्यावर लक्ष ठेवणारे कोणी नसल्याने ते काम घड्याळाला द्यावे. जून-जुलैत अंधार पडतच नाही, त्यामुळे थांबण्याची वेळ झाली हे आकाश सांगत नाही. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नये आणि संध्याकाळी सहानंतर नवा टप्पा सुरू करू नये. दर दीड तासाने रस्त्यावर नव्हे, तर आखलेल्या थांब्यावर उतरावे.

मदतीची साखळीही आधी जोडून ठेवावी. आपत्कालीन क्रमांक ११२. त्याच्या ॲपमधून आपले ठिकाण पाठवता येते. प्रवासाची आखणी सेफट्रॅव्हल या अधिकृत संकेतस्थळावर नोंदवता येते. बचावकार्य लांद्सब्योर्ग या संघटनेच्या पथकांतले स्वयंसेवक करतात. या परंपरेची कसोटी लाउत्राब्यार्गनेच पाहिली. डिसेंबर १९४७ मध्ये कड्याखाली फुटलेल्या ‘धून’ या ब्रिटिश मासेमारी जहाजावरचे १२ खलाशी आसपासच्या शेतकऱ्यांनी दोरांनी वर ओढून वाचवले. पण स्वयंसेवकांना बोलावणारे कोणीतरी लागते. घरच्या एका माणसाला रोजचा मार्ग, मुक्काम आणि निरोपाची वेळ ठरवून द्यावी. त्या वेळेनंतर किती तासांनी कोणाला फोन करायचा, तेही लिहून द्यावे. मुक्कामाच्या घरमालकिणीला पोहोचण्याची अंदाजे वेळ कळवून ठेवली, तर पहिली चौकशी तीच करते.

शेवटची रात्र वेस्टफ्योर्ड्समध्ये काढू नये. केफ्लाविक विमानतळ रेक्याविकपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे आणि एका बंद रस्त्याने विमान चुकू शकते. आदल्या दिवशी राजधानीत परतावे, गाडी धुवावी, टाकी भरावी आणि उजेडात पुन्हा चारही बाजूंचे चित्रण करून ती परत द्यावी. राखीव दिवस वापरावा लागला नसेल तर तो इथे खर्च करता येतो.