बाबांच्या खिशातल्या काड्या

औशाच्या स्टँडवर एसटी थांबली की आधी घंटी वाजायची, मग 'गारेगाऽऽर' अशी लांबवलेली हाक. खांद्याला लाकडी पेटी अडकवलेला पोरगा खिडकीखाली यायचा, झाकण उघडायचा आणि आतून गार वाफ वर यायची. बाबा बंडीच्या आतल्या खिशातून नाणं काढायचे. लाल कांडी हातात पडली की लातूर येईपर्यंत मी कुणाशी बोलायची नाही. रंग चोखून संपला की नुसता पांढरा बर्फ उरायचा आणि जिभेच्या मुळाशी एक कडसर चव. ती सॅकरिनची चव होती, हे फार नंतर कळलं. साखर महाग, म्हणून गरिबांच्या कांडीत सॅकरिन. माझ्या आयुष्यातला पहिला गारवा हा असा बिनसाखरेचा होता.

मी बहात्तरच्या दुष्काळातलं लेकरू. मी पोटात होते तेव्हा आई खडी फोडायच्या कामावर जात होती. घरात जोंधळ्याचा दाणा नव्हता. रेशनवर मिलो नावाचं तांबडं धान्य मिळायचं, त्याच्या भाकरी आणि कामावर वाटलेली सुकडी यावर तिनं दिवस काढले. १९७३ च्या उन्हाळ्यात मी जन्मले. किती वजनाची होते, असं पुढे एकदा तिला विचारलं तर म्हणाली, "कोण वजन करणार होतं बाई? ओंजळीत मावत होतीस."

दुष्काळानंतर बाबांनी शेत बटईनं दिलं आणि लातूरला एका आडतीवर मुनीम म्हणून लागले. गंजगोलाईपासून हाकेच्या अंतरावर आमच्या दोन खोल्या. मे महिन्यात मामा यायचा आणि एका रात्री आइस्क्रीमचा पॉट भाड्यानं यायचा. लाकडी बादली, तिच्यात पत्र्याचा उंच डबा, वर फिरवायचा दांडा. मामा गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी आणून मुसळीनं फोडायचा. डब्याभोवती एक थर बर्फाचा, एक थर खडेमिठाचा. मीठ पडलं की बर्फ भराभर वितळतो आणि वितळायला लागणारी उष्णता डब्यातल्या दुधातून ओढून घेतो, म्हणून ते खारं पाणी शून्याच्याही खाली जातं. हे शाळेत शिकण्याआधी माझ्या बोटांना माहीत होतं. चुकून त्या पाण्यात बोट गेलं तर चटका बसल्यासारखं व्हायचं. सगळ्यांनी आळीपाळीनं दांडा फिरवायचा. आधी तो भरभर फिरतो, मग जड होतो आणि शेवटी हलतच नाही. तेव्हा बाबा उठायचे, बाह्या सारायचे आणि शेवटचे पंधरा-वीस फेरे ते मारायचे. मग वाट्या. एकेकाला एकच वाटी, कारण माणसं चौदा आणि पॉट एक. त्या एका वाटीसाठी आम्ही दीड तास अंगणात बसलेलो असायचो. तसं आइस्क्रीम मी पुन्हा खाल्लं नाही.

१९९५ साली बाबांना शुगर निघाली. तोवर माझं लग्न होऊन मी नांदेडला आले होते. माहेरी गेले की दिसायचं, गुळाचा डबा वरच्या फळीवर गेलाय, पेढे आले की आई पदराआड नेते, नातवंडं आइस्क्रीमचे कप घेऊन बसली की बाबांना "तुम्ही जरा बाहेर बसा" म्हणतात. आम्ही सगळे हे प्रेमानं करत होतो. बाबा काही बोलायचे नाहीत, उठून ओट्यावर जाऊन बसायचे.

एकदा गंजगोलाईत लेकीला बांगड्या घ्यायला गेले होते. कुल्फीच्या गाड्याच्या पलीकडे, भिंतीकडे तोंड करून बाबा उभे होते. हातात मावा कुल्फी. मी चार माणसांत मोठ्यानं म्हणाले, "बाबा, हे काय?" ते वळले. त्यांच्या पांढऱ्या मिशीला कुल्फी लागली होती. काही न बोलता त्यांनी ती शेजारच्या एका पोराच्या हातात दिली आणि रुमालानं तोंड पुसलं. आज त्या क्षणाइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही, आणि ती त्यांच्या खाण्याची नाही, माझ्या आवाजाची आहे.

पुढे अंगठ्याला जखम झाली, ती भरली नाही. बाबा गेले. तेराव्यानंतर आई त्यांचे सदरे आवरत होती. एका खिशात कुल्फीच्या काड्या निघाल्या. सात. धुऊन, पुसून, रबर लावून ठेवलेल्या. रस्त्यात कचरा टाकायचा नाही, ही त्यांची जन्माची सवय.

मला स्वतःला शुगर निघाली २०१७ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी. वजन ५४ किलो. नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या दवाखान्यात मी रिपोर्ट परत केला आणि म्हणाले, हा दुसऱ्या कुणाचा असेल, मी कुठं जाड आहे? डॉक्टरांनी काट्याऐवजी टेप काढला. कंबर ८४ सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० ही धोक्याची रेघ, पुरुषांसाठी ९०.

मग वाचत गेले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बारीक दिसणारा आणि आतून चरबी बाळगणारा, असा आपला भारतीय देह. याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भार बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं हातापायांनी काटकुळी, पण चरबी मात्र त्यांनी राखलेली. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली, तेव्हा पोटात असलेली मुलं पन्नाशीत पोचल्यावर त्यांच्याही रक्तात साखर वाढलेली आढळली. हे वाचताना मला तांबडा मिलो आठवला आणि आईची ओंजळ. खाण्यावर ताबा नाही म्हणून शुगर होते, असं आपण सहज बोलतो. भुकेतून आलेल्या माणसाला हे ऐकवणं अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

पहिलं वर्ष मी सगळं सोडलं. मग भाचीच्या लग्नात, रात्री एक वाजता, फ्रिजच्या उजेडात उभी राहून मी फॅमिली पॅकमधून पळीनं आइस्क्रीम खात होते. किती खाल्लं ते कळलं नाही, चवही कळली नाही. भिंतीकडे तोंड केलेले बाबा दिसले.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, वही काढून बसल्या. आइस्क्रीममध्ये हवा फेटलेली असते, त्यामुळे १०० मिलिलिटरच्या कपात वजन भरतं ५५ ग्रॅमच्या आसपास आणि साखर-पिष्ट मिळून १२ ते १५ ग्रॅम. मध्यम भाकरीत ४० ग्रॅम असतं. म्हणजे साधा कप चतकोर भाकरीपेक्षा थोडा जास्त. कुल्फी फेटत नाहीत, दूध आटवून थिजवतात, म्हणून तेवढ्याच आकाराची कुल्फी बरीच जड आणि गोड. सरबताची कांडी म्हणजे नुसतं साखरपाणी, ती सरळ रक्तात चढते. दुधातल्या स्निग्धामुळे आइस्क्रीम हळू चढतं, पण उष्मांक त्याच स्निग्धात असतात, म्हणून वजनाचा हिशेब वेगळा ठेवायचा. 'शुगर फ्री' लिहिलेल्या डब्यातही दुधाची साखर आणि स्निग्ध असतंच. 'फ्रोजन डेझर्ट' लिहिलं असेल तर त्यात दुधाच्या सायीऐवजी वनस्पती तेल असतं, ते मी घेत नाही. महिन्यातून दोनदाच खायचं तर दुधाचंच खावं.

आता दर दुसऱ्या शनिवारी रात्री मी अर्धी भाकरी कमी घेते, डाळ-भाजी तेवढीच. जेवणानंतर लगेच, सगळ्यांबरोबर बसून, एक छोटा कप. पावसाळा सरला की सीताफळाचं, एरवी साधं व्हॅनिला. लहान चमचा, पंधरा मिनिटं. मग हे आणि मी गल्लीतून अर्धा तास फिरून येतो. दोन तासांनी बोटाला सुई. आकडा बहुतेक वेळा १६० च्या आत असतो, नसला तर पुढचा शनिवार सोडते. हे माझं गणित आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांचं वेगळं, किडनीचा त्रास असणाऱ्यांचं आणखी वेगळं.

तुमच्या घरात शुगरचं माणूस असेल तर त्याला किती चालेल ते त्याच्या डॉक्टरांना विचारून घ्या. अगदी दोन चमचे म्हणाले तर दोन चमचे, पण ते त्याच्या हातात, सगळ्यांच्या पंगतीत द्या. माझ्या बाबांना मी तसं एकदाही दिलं नाही.