बाबांना बर्फ दाखवायचा आहे: आमच्या स्की-सहलीचा आराखडा

तुम्ही मोबाइलवर आल्प्समधल्या स्की-सहलीबद्दल काही वाचलं असेल, तर ते भिलाईत पंख्याखाली बसून लिहिलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. माझं कामच ते. इंग्रजीत बीए केलं आणि दोन वर्षांपासून घरूनच प्रवासाचा मजकूर लिहिते. म्युनिकहून इन्सब्रुक साधारण 160 किलोमीटर, दोन तास. तिथून सांक्ट अँटोन आणखी शंभर किलोमीटर. ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे, हायवेसाठी टोल, सोप्या उतारांना निळा रंग, मधल्यांना लाल आणि अवघडांना काळा. हे सगळं मला पाढ्यांसारखं पाठ आहे. बर्फ मात्र मी अजून फ्रीजमधलाच पाहिलाय.

हे वाचून माझा धाकटा भाऊ एका रात्री म्हणाला, "ताई, हेच आपण हिमालयात करू ना. गाडी घ्यायची, एकेका ठिकाणी दोन दिवस स्की करायचं, पुढे निघायचं." सकाळी त्याने कागदच समोर ठेवला. कुफ्री, नारकंडा, सोलंग, सिस्सू, औली आणि शेवटी गुलमर्ग. सहा ठिकाणं, नऊ दिवस.

कागद आधी बाबांच्या हातात गेला. बाबा मागच्या वर्षी स्टील प्लांटमधून रिटायर झाले. चौतीस वर्षं कोक ओव्हनमध्ये काढली. तिथे भट्टीच्या आत हजार अंशांच्या वर तापमान असतं. उन्हाळ्यात भिलाईच पंचेचाळीसला पोहोचते, त्यात ती ड्यूटी. आजोबा भंडाऱ्याहून प्लांट उभा राहत असताना इथे आले, तेव्हा सोव्हिएत इंजिनिअर सोबत काम करायचे. आजोबा सांगायचे की त्यातला एक जण मे महिन्यात बर्फाची लादी टेबल फॅनसमोर ठेवून बसायचा आणि आपल्या गावचा हिवाळा हातवारे करून सांगायचा. बाबांनी तो हिवाळा लहानपणापासून ऐकलाय. रिटायरमेंटनंतर काय करायचं असं विचारलं, की ते "बघू" म्हणतात. फक्त बर्फाचं नाव काढलं की चष्मा पुसतात.

म्हणून ही सहल करायचीच, असं आम्ही ठरवलं. पण त्यांना रक्तदाब आहे आणि जिना चढताना दम लागतो. आमच्या डॉक्टरांनी त्यांना तपासून सांगितलं, की रात्रीचा मुक्काम तीन हजार मीटरच्या आत ठेवा, चढ हळूहळू घ्या आणि पहिल्या दिवशी धावपळ करू नका. तुमच्या घरात कुणी साठीपुढचं असेल तर हॉटेल बघण्याआधी हे विचारून घ्या. आमचा अर्धा आराखडा त्या दहा मिनिटांत ठरला.

गुलमर्ग तिथेच गळालं. गाव 2,650 मीटरवर आहे, त्याची अडचण नव्हती. पण गुलमर्गला जाऊन गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटला, जवळपास 3,950 मीटरवर, सगळे वर जाणार आणि बाबा एकटे खाली बसणार, हे कुणालाच पटेना. शिवाय हिमाचलहून काश्मीर म्हणजे आणखी दोन दिवस गाडीत. औलीचंही तसंच, ते उत्तराखंडात, ऋषिकेशवरून पुन्हा डोंगर चढायचा. जानेवारी 2023 मध्ये जोशीमठात घरांना तडे गेले आणि तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला. कुफ्री भावानेच खोडलं. तिथे स्कीपेक्षा घोडे जास्त, असं त्याचा मित्र सांगून गेला होता.

आल्प्समध्ये एका आठवड्यात चार ठिकाणं जमतात, कारण एक खोरं संपलं की तासा-दीड तासात दुसरं लागतं आणि प्रत्येक गावात लिफ्ट, शाळा, भाड्याचं सामान तयार असतं. आपल्याकडे दोन स्की-गावांच्या मध्ये अख्खा दिवस जातो. नारकंडा ते मनाली नकाशात जवळ दिसतं, कारण मोबाइल जलोडी खिंडीतून रस्ता दाखवतो. ती खिंड सुमारे 3,100 मीटरवर आहे आणि हिवाळ्यात बर्फाने बहुधा बंदच असते. मग सिमल्याकडे परत उतरून बिलासपूर, मंडी, कुल्लू असं फिरून जावं लागतं. त्यामुळे आमच्या यादीत दोनच नावं राहिली, नारकंडा आणि सोलंग. भाऊ दोन दिवस तोंड फुगवून होता.

तेव्हा बाबांनी कागद स्वतःकडे घेतला. प्लांटमध्ये भट्टी दुरुस्तीसाठी बंद ठेवायची असली, की तिचं तासागणिक वेळापत्रक बनतं. त्याला शटडाउन म्हणतात. बाबांनी असे कितीतरी शटडाउन काढलेत. ते म्हणाले, "शेवटच्या तासापर्यंत भरलेलं वेळापत्रक पहिल्याच पाळीत कोसळतं. एक दिवस रिकामा ठेव. त्या दिवसाला नाव द्यायचं नाही." मी त्या दिवशी नग्गर घालून टाकलं होतं, ते त्यांनी लाल पेनने खोडलं.

हा रिकामा दिवस चैनीचा नाही. हिमालयातला हिवाळी बर्फ पश्चिमी झंझावातांमुळे पडतो. भूमध्य समुद्राकडून निघालेले हे ढग कधी आठवड्यात दोनदा येतात, कधी महिनाभर फिरकत नाहीत. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते, त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. 2025 मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाच बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. आल्प्समध्ये अशा वेळी यंत्रांनी कृत्रिम बर्फ उडवतात. नारकंड्यात आकाशाकडे बघत बसायचं. उलटही होतं. एका रात्रीत इतका पडतो की रस्ता बंद होतो. पोलीस मग सोलंगकडे फोर बाय फोर गाड्याच सोडतात. दोन्ही वेळी कामाला येतो तो नाव नसलेला दिवस.

म्हणून डिसेंबरची सुट्टी सोडून आम्ही फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरलाय. ताईची नऊ वर्षांची मुलगी सोबत येतेय, तिची शाळा थोडी बुडेल. तिच्या बाईंशी ताई बोलली आहे.

आता गाडीबद्दल. हा विषय आमच्याकडे जेवणाच्या ताटावर निघाला आणि ताटं उचलेपर्यंत मिटला नाही. बाबा तीस वर्षं गाडी चालवतात. नागपूर, जगदलपूर, अमरकंटक, सगळीकडे आम्हाला त्यांनीच नेलं. चंदीगडहून भाड्याची गाडी घ्यायची आणि ती बाबांनी चालवायची, हे त्यांनी मनात ठरवूनच टाकलं होतं. पण भिलाईचे रस्ते सपाट आणि रुंद. तिथे सकाळी सावलीतल्या वळणावर काचेसारखा पातळ गोठलेला थर असतो, तो दिसत नाही आणि ब्रेक दाबला की गाडी सरळ जाते. आपल्याकडच्या भाड्याच्या गाड्यांना हिवाळी टायर क्वचितच असतात. चाकांना साखळ्या लावाव्या लागतात आणि त्या थंडीत, उतारावर, बोटं बधिर झालेली असताना लावता यायला हव्यात.

हे मी त्यांना सांगितलं. भावानेही सांगितलं, जरा जास्तच मोठ्या आवाजात. "बाबा, गाडी तुम्ही चालवायची नाही." बाबा काही बोलले नाहीत. उठून गॅलरीत गेले. आई म्हणाली, "हे असं सांगतात का?" खरंय, असं सांगत नाहीत. नोकरी गेल्या वर्षी सुटली, आता स्टिअरिंगही घ्यायचं म्हणजे काय होत असेल, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. दोन दिवसांनी त्यांनीच मला विचारलं, प्लांटमध्ये नवा माणूस भट्टीवर कधी चढवतात ते माहीत आहे का? मग स्वतःच म्हणाले, "आधी जुन्या माणसाच्या मागे सहा महिने उभा करतात." म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. ड्रायव्हर चंदीगडहून घ्यायचा, त्याचा बर्फातला अनुभव बाबांनी तपासायचा आणि पुढची सीट बाबांची, असं ठरलं.

स्कीबद्दलही थोडं सांगते, कारण फोटो बघून फसायला होतं. पर्यटकांच्या गर्दीच्या जागी तुम्हाला भाड्याचा रंगीत सूट, बूट आणि दोन फळ्या देतात, एक माणूस हात धरून वीस मीटर ओढतो, फोटो काढतो, संपलं. मजा येते, नाही कशाला म्हणू. पण त्याला स्की शिकणं म्हणत नाहीत. भावाला खरोखर शिकायचंय, म्हणून दोन्ही ठिकाणी मिळून तीन अर्धे दिवस एकाच प्रशिक्षकाकडे घ्यायचे आणि अर्धा दिवस विश्रांती, असा हिशोब केला. पहिला दिवस उभं राहणं, पडणं, उठणं आणि फळ्यांची पुढची टोकं जवळ आणून वेग तोडणं यातच जातो. बूट घट्ट हवेत, पायमोजे एकच जोडी, जाड दोन नकोत. सुती बनियन घामाने ओलं झालं की तेच गारठवतं, म्हणून आत थर्मल. आणि काळा चष्मा प्रत्येकाला, भाचीलाही. बर्फावरून परत येणारं ऊन डोळ्यांना फार लागतं.

मनालीला सरकारची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आहे, ती सोलंगला रीतसर स्कीचे कोर्स घेते. भावाने पुढच्या वर्षीसाठी ते मनात धरलंय. तो सध्या आंचल ठाकूरचे व्हिडिओ बघतो. मनालीजवळच्याच गावची ही मुलगी, जानेवारी 2018 मध्ये तुर्कस्तानात तिने कांस्यपदक मिळवलं. आंतरराष्ट्रीय स्कीमधलं भारताचं ते पहिलं पदक. गुलमर्गचा आरिफ खान तर 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकटाच खेळाडू होता. माझी भाची विचारते, त्यांच्या गावात रोज बर्फाची सुट्टी असते का.

आईचं मात्र वेगळंच चाललं होतं. "मी बर्फात काय करू?" गुडघे दुखतात, घसरायची भीती, फळ्यांचा प्रश्नच नाही. आल्प्सच्या मजकुरात मी न स्की करणाऱ्यांसाठी शेवटी दोन ओळी लिहिते: केबल कार, कॅफे, गरम चॉकलेट. घरच्या सहलीत मला त्या दोन ओळी वर आणाव्या लागल्या. पाचांपैकी स्की करणार एक, फार तर दीड. बाकी साडेतीन जणांचा दिवस कसा जाणार?

मी नऊ हॉटेलांना फोन केले. सगळ्यांना एकच प्रश्न आधी विचारला: गाडीपासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? डोंगरातली हॉटेलं उतारावर असतात, "व्ह्यू रूम"साठी सत्तर पायऱ्या उतराव्या लागतात आणि त्या पायऱ्यांवरच बर्फ गोठतो. एकाने हसून सांगितलं, "मॅडम, गिना नहीं." ते बाद. दुसरा प्रश्न हीटरचा, तिसरा खिडकीचा. आईला खिडकीतून उतार दिसला पाहिजे, म्हणजे ती खाटेवर बसून भावाला पडताना मोजू शकेल. नारकंड्यात अशी खोली मिळाली, बारा पायऱ्या. सोलंगला रोपवे आहे, त्यात आई-बाबा बसू शकतात. भाजणीचं पीठ बांधायचं, हे आईने न विचारताच ठरवून टाकलं.

अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये एकदा जाऊन यायचं बाबांच्या मनात आहे. 9.02 किलोमीटरचा बोगदा, 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाला. तो कसा खणला याचे तीन व्हिडिओ त्यांनी पाहिलेत. बोगदा तीन हजार मीटरच्या वर आहे, म्हणून फक्त जाऊन यायचं, मुक्काम मनालीत. सिस्सूला थांबायचं झालं तर आधी चौकशी करायला हवी. हिवाळ्यात देवकार्यासाठी तिथल्या गावांत पर्यटन काही आठवडे बंद ठेवतात. माझ्या मते ते योग्यच आहे.

तर सध्याचा कागद असा आहे: दुर्गहून छत्तीसगढ एक्स्प्रेसने अंबाला, गाडीने सिमला एक रात्र, नारकंडा दोन, मंडी एक, मनाली चार, त्यात एक बिनानावाची. पाच जणांचं बजेट दीड लाख, त्यातले पन्नास हजार मी आल्प्सबद्दल लिहून जमवलेत. रेल्वेचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, तो दिवस येत्या मंगळवारी आहे.

ड्रायव्हरला फोन बाबाच करणार आहेत. चिठ्ठीवर प्रश्न लिहून ठेवलेत: साखळ्या गाडीत आहेत का, स्वतः लावता येतात का, टायर कधी बदलले, रात्री हँडब्रेक लावून ठेवतो की गिअरमध्ये? शेवटचा प्रश्न परीक्षेचा आहे म्हणे. कडाक्याच्या थंडीत हँडब्रेक गोठून बसतो, हे त्यांनी आठवड्यापूर्वीच कुठेतरी वाचलंय. त्याखाली भाचीने पेन्सिलने स्वतःचा एक प्रश्न घातलाय: गाजर तिथे मिळतं का, की स्नोमॅनच्या नाकासाठी इथूनच न्यायचं?