उशाखालची माती
एनिस्किलन सोडलं तेव्हा ऊन होतं, चढाला लागेपर्यंत भुरभुर सुरू झाली. जायचं होतं ते उत्तर आयर्लंडच्या फर्मॅना काउंटीतल्या एका खेड्यात. लिहायचं 'बोहो', म्हणायचं नुसतं 'बो'. आयरिशमध्ये त्याचा अर्थ झोपड्या. चर्चच्या आवारात जुन्या दगडी क्रूसाचा खांब उभा आहे, त्यावर आदम आणि हव्वा कोरलेले आहेत. पण मी आलो होतो तो एका कबरीवरच्या मातीसाठी.

ती कबर फादर जेम्स मॅकगर यांची; ते १८१५ मध्ये वारले. हयातीत आपण जी दुखणी बरी केली, ती आपल्यावरची माती बरी करील, असं ते जाताना सांगून गेल्याचं गाव मानतं. तेव्हापासून लोक इथली चमचाभर माती फडक्यात बांधून नेतात आणि उशाखाली ठेवून निजतात. अट एकच: चार दिवसांच्या आत ती परत आणून टाकायची. ठेवून घेतली, तर वाईट होतं म्हणतात.

याच भागात राहिलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जेरी क्विन यांनी ही श्रद्धा झटकून टाकली नाही. त्यांनी आणि स्वान्सी विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी बोहोची माती तपासली. त्यात स्ट्रेप्टोमायसिस कुळातला एक नवा जिवाणू सापडला. तो सुगंधी, म्हणून नाव 'मायरोफोरिया'. २०१८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं, की प्रयोगशाळेत हा जिवाणू एमआरएसएसारख्या, औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची वाढ रोखतो. रोग्याच्या हाती औषध येणं ही पुढची, लांबची गोष्ट. तरी मला भरून आलं. माझ्या आजोबांचा क्षय ज्या स्ट्रेप्टोमायसिनने हटला, ते याच कुळातल्या जिवाणूपासून मिळालेलं. त्या इंजेक्शनांच्या गोष्टी ऐकतच मी वाढलो.

मी वाकून माती चिमटीत धरली. काळी, ओलसर, बोटांना चिकटणारी. न्यावीशी फार वाटली. पण परवा माझं परतीचं विमान होतं आणि ती परत आणून टाकायला मी इथे नसणार होतो. चिमूट जागच्या जागी सोडली.

तेवढ्यात एक आजीबाई आल्या. कोटाच्या खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली, गाठ सोडली, माती कबरीवर पसरून हाताने दाबली. मग फडकं उलटं करून दोनदा झटकलं, शिवणीत अडकलेले कण नखाने काढले आणि तेही तिथेच टाकले.