हिलियरांची रोपवाटिका

हिलियर हे इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातले झाडाझुडपांच्या रोपांचा धंदा करणारे घराणे. 1864 साली एडविन हिलियर यांनी विंचेस्टर गावात फुलांचे दुकान आणि रोपवाटिका विकत घेतली. त्यांचे पुत्र एडविन लॉरेन्स यांना सूचिपर्णी वृक्षांचा नाद होता. त्यांच्या काळात दुर्मीळ झाडांची भर पडत गेली. विंचेस्टरची जमीन मात्र चुनखडीची. अशा मातीत ऱ्होडोडेंड्रॉन आणि कॅमेलिया पिवळे पडतात. नातू हॅरल्ड हिलियर (1905–1985) यांनी 1951 मध्ये रॉम्सीजवळचे जर्मिन्स हाऊस घेतल्यावर आम्लधर्मी जमीन हाती आली. 1953 पासून तिथे त्यांनी वृक्षसंग्रह उभा केला.

हा संग्रह आज सुमारे 180 एकरांवर पसरला आहे. फेब्रुवारीत मी तो पाहायला गेलो. जर्मिन्सची हिवाळी बाग ऐन थंडीत पाहण्यासाठीच लावलेली आहे. पानगळीनंतर लालभडक दिसणाऱ्या डॉगवुडच्या काड्या, बर्चची पांढरी खोडे, विच हेझलची पिवळी फुले असे रंग तिथे ओळीने भेटतात. पण त्या सगळ्यांवर मात केली एका सुगंधाने. झुडूप दिसण्याच्या बरेच आधी त्याचा गोड, दाट वास वाटेवर आला. वळणापलीकडे डोक्याच्या वर गेलेले, हिरव्या पानांचे डॅफ्नी उभे होते. कळ्या जांभळट गुलाबी, उमललेली फुले आतून पांढरी. गारठ्याने बोटे आखडली असतानाही तिथून पाय निघेना.

या झुडपाचे मूळ हिमालयातले. डॅफ्नी भोलुआ ही जाती नेपाळच्या डोंगरांत वाढते. तिच्या सालीपासून तिथे लोकता नावाचा चिवट हातकागद बनवतात. टॉम स्प्रिंग-स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याने 1962 मध्ये पूर्व नेपाळातून, सुमारे 3200 मीटर उंचीवरून, तिचा एक काटक प्रकार इंग्लंडला आणला. ‘गुरखा’ नावाने तो ओळखला जातो; हिवाळ्यात त्याची पाने गळतात. हिलियरांकडे रोपे तयार करणारे ॲलन पोस्टिल यांनी ‘गुरखा’च्या बियांपासून रोपे वाढवली. त्यांतले एक वेगळे निघाले: पाने हिवाळ्यातही टिकणारी, फुले मोठी. 1982 सालच्या या रोपाला त्यांनी पत्नीचे नाव दिले, ‘जॅकलीन पोस्टिल’. माझी वाट अडवणारे झुडूप हेच.

बियांतून आलेले प्रत्येक रोप गुणाने वेगळे असते. म्हणून निवडलेला वाण जसाच्या तसा वाढवायचा तर बी उपयोगाचे नाही. डॅफ्नीच्या फांद्यांना मुळेही सहज फुटत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या डॅफ्नीच्या खुंटावर डोळस हातांनी कलम बांधतात. कुटुंबाच्या रोपवाटिकेचे खरे भांडवल इथे दिसते. शेकडो रोपांतून एक वेगळे ओळखणारी नजर आणि ते टिकवणारा कलमी हात वर्षानुवर्षे एकाच वाफ्यावर राबल्याशिवाय तयार होत नाहीत.

हिलियरांनी ही विद्या घरात कोंडून ठेवली नाही. विक्रीच्या रोपांच्या यादीतून वाढलेला त्यांचा झाडाझुडपांचा कोश 1971 मध्ये प्रसिद्ध झाला आणि बागाइतदारांचा संदर्भग्रंथ बनला. 1977 मध्ये हॅरल्ड यांनी आपला संग्रह हॅम्पशरच्या परगणा परिषदेकडे सार्वजनिक न्यास म्हणून सोपवला. 1983 मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. स्वतःच्या कमाईतून वाढवलेली झाडे सर्वांसाठी खुली करणे हे या घराण्याचे सर्वांत मोठे काम आहे. इंग्लंडला जाणाऱ्याने वसंताची वाट न पाहता जानेवारी-फेब्रुवारीतच जर्मिन्स गाठावे. डॅफ्नी तेव्हाच फुललेले असते.