क्षमेनंतरचा हिशेब

प्रायश्चित्त संस्कारासाठी आलेल्या माणसाने चोरी कबूल केली, की ती वस्तू परत कशी करणार, हेही आम्हांला विचारावे लागते. चोरीचा माल घरात ठेवून केलेला पश्चात्ताप अपुरा, असे सेमिनरीत आम्हांला शिकविले गेले. राष्ट्रांना हा प्रश्न कोणी विचारावा?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेसाठी रोममध्ये जमलेल्या पोलंडच्या बिशपांनी १८ नोव्हेंबर १९६५ रोजी जर्मन बिशपांना पत्र लिहिले. आपण क्षमा करतो आणि क्षमा मागतो, असा त्याचा आशय होता. महायुद्धात पोलंडचे सुमारे ६० लाख नागरिक मृत्युमुखी पडले होते. त्यांतील निम्मे ज्यू. अशा देशाने क्षमा मागावी ती कशाबद्दल? युद्धानंतर पोलंडच्या वाट्याला आलेल्या प्रदेशातून लक्षावधी जर्मनांना हुसकावण्यात आले होते. पत्राचा मसुदा करणारे बिशप कोमिनेक व्रोत्सवाफ येथे, म्हणजे पूर्वीच्या जर्मन ब्रेस्लाउ शहरातच, सेवा करीत होते. पोलंडचे कम्युनिस्ट सरकार खवळले. अनेक भाविकही दुखावले गेले, आणि त्यांचा राग आम्हांला समजतो. ज्याची माणसे छळछावणीत संपली, त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार बिशपांना कोणी दिला?

तरुणपणी त्या पत्राने आम्ही भारावून गेलो होतो. आज आमची नजर उत्तरावर खिळते. ५ डिसेंबरच्या उत्तरात जर्मन बिशपांनी पुढे आलेला हात आदराने धरला, क्षमाही मागितली. ओडर-नाइसे सीमेला मात्र स्पष्ट मान्यता दिली नाही. निर्वासित जर्मन त्यांच्याच धर्मग्रामांत राहत होते. ही अडचण कोणताही धर्मगुरू ओळखील. बांधावरून भांडणाऱ्या भावांची नाताळात गळाभेट घडवून आणणे सोपे. कुंपण मागे घ्या, असे सांगताना आमचीही जीभ अडखळली आहे.

सीमेला मान्यता दिली ती १९७० मध्ये एका राजकारणी पुरुषाने. चान्सेलर विली ब्रांट यांनी ७ डिसेंबर रोजी वॉर्सात करारावर सही केली आणि त्याच दिवशी तेथील ज्यू वस्तीच्या स्मारकापुढे गुडघे टेकले.

भरपाईचा प्रश्न मात्र राहिलाच. २०२२ मध्ये पोलंडच्या सरकारने सुमारे १.३ लाख कोटी युरोंची मागणी पुढे केली. पोलंडने तो हक्क १९५३ मध्येच सोडला, असे जर्मनीचे म्हणणे. परंतु त्या वेळी पोलंडवर मॉस्कोची छाया होती, हे विसरून कसे चालेल? एवढी रक्कम कोणी देणार नाही, हे आम्हीही जाणतो. त्या छळातून वाचलेली मुले आता नव्वदीच्या घरात आहेत, आणि दरवर्षी त्यांच्यातील काही जण निघून जात आहेत.